घराण्याची विद्या, समाजाची ठेव : हकीम अजमल खान

हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांच्या वैद्यकीचा आणि स्वातंत्र्यकार्याचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण एका घराण्याच्या हाती असलेली विद्या समाजाच्या स्वाधीन झाली पाहिजे, या एकाच निष्ठेतून ही दोन्ही कार्ये उभी राहिली.

दिल्लीच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिल हे या घराण्याचे निवासस्थान होते. प्राचीन ग्रीकांपासून निघून अरब व इराणी पंडितांच्या हाती विस्तारलेले, आणि रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त या चार द्रवांच्या समतोलावर आरोग्य मोजणारे जे यूनानी वैद्यक, ते येथे पिढ्यानपिढ्या बापाकडून मुलाकडे येत असे. अजमल खान यांनी काही वर्षे रामपूरच्या नबाबांचे राजवैद्य म्हणून काम केले. दिल्लीबाहेर बोलावणाऱ्या धनिकांकडून दिवसाला हजार रुपये घेणारे हे हकीम दिल्लीत दारी आलेल्या रोग्याकडून मात्र काहीच घेत नसत.

तथापि दानशूर माणसाच्या पश्चात दान थांबते, हे ओळखून त्यांनी संस्थांचा पाया घातला. हिंदुस्तानी दवाखाना ही औषधे सिद्ध करून विकणारी संस्था त्यांनी उभारली आणि तिचे उत्पन्न वैद्यकाच्या शिक्षणाकडे वळवले. १९०९ साली स्त्रियांसाठी सुईणपणाचे शिक्षण देणारी शाळाही काढली. पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांचीच नोंदणी करून वैद्य-हकिमांना मान्यतेबाहेर ठेवणारा कायदा मुंबई इलाख्यात येऊ घातला, तेव्हा त्यांनी आयुर्वेद आणि यूनानी या दोन्ही परंपरांच्या चिकित्सकांना एका परिषदेत संघटित केले. तो कायदा १९१२ साली झालाच. परंतु वैद्य आणि हकीम यांचे भवितव्य एकच आहे, ही जाणीव त्या विरोधातून दृढ झाली, आणि दिल्लीतील आयुर्वेदिक व यूनानी तिब्बिया महाविद्यालय (तिब्ब म्हणजे वैद्यक) हे तिचे मूर्त रूप ठरले.

या महाविद्यालयाची कोनशिला १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनी बसवली आणि उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी केले. त्या पाच वर्षांत अजमल खान यांचे जीवनच पालटले होते: जालियनवाला बागेतील हत्याकांड आणि तुर्कस्तानच्या खलिफापदाचा, म्हणजे खिलाफतीचा, प्रश्न यांमुळे सरकारवरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि ‘हाजिक-उल-मुल्क’, म्हणजे देशाचा निष्णात चिकित्सक, हा सरकारने दिलेला किताब त्यांनी १९२० मध्ये परत केला. राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) १९२१च्या अहमदाबाद अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे ते अध्यक्षपद अजमल खान यांनी सांभाळले. हिंदू-मुस्लिम ऐक्याचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, आणि वैद्य व हकीम यांना एका छताखाली शिकवणाऱ्या माणसाला तो आग्रह परका नव्हता.

असहकार चळवळीच्या काळात सरकारी मदत नाकारून १९२० साली अलीगढ येथे स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाचे ते पहिले कुलपती होते. चळवळ ओसरल्यावर हे विद्यापीठ पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा १९२५ मध्ये त्याला दिल्लीत आणण्यात अजमल खान यांचा मोठा वाटा होता आणि त्याच्या खर्चाचा भार त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून उचलला.

परंपरेचा अभिमान बाळगूनही तिची परीक्षा प्रयोगशाळेत व्हावी, असे त्यांचे मत होते. म्हणूनच रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीत असलेल्या सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणाला त्यांनी मदत केली आणि त्याच्यासाठी तिब्बिया महाविद्यालयात संशोधनाची योजना आखली. २९ डिसेंबर १९२७ रोजी अजमल खान रामपूर येथे निवर्तले; त्यानंतर सिद्दीकींनी १९३१ मध्ये हकिमांच्या वापरातील सर्पगंधेच्या मुळीतून हृदयाच्या लयीवर परिणाम करणारे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील नत्रयुक्त क्रियाशील द्रव्य, वेगळे केले आणि त्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. ब्रुगाडा विकारात हृदयाच्या विद्युत्-आलेखात लपून राहिलेला दोष उघड करण्यासाठी आजही डॉक्टर हे द्रव्य वापरतात. जी विद्या एके काळी शरीफ मंझिलच्या उंबरठ्याआड वारशाने मिळत असे, तिच्यातील एक मुळी अशा रीतीने साऱ्या जगाच्या उपयोगाला आली.