तापातला चेहरा

टायफॉइडने अंथरूण धरायला लावलं. बाहेर शिंदखेड्याचं मे महिन्यातलं ऊन, पुस्तकातली अक्षरं डोळ्यांपुढे ठरेनात. मग मोबाइलवर येशूच्या जीवनावरची 'द चोझन' ही मालिका लावली. पहिल्याच सीझनमध्ये पेत्राची सासू तापाने फणफणलेली. मार्काने शुभवर्तमानात तिच्यावर जेमतेम दोन-तीन वचनं खर्च केलीत: येशूने हात धरून उठवलं, ताप उतरला, ती सेवेला लागली. मालिकेत तिच्या लेकीला, म्हणजे पेत्राच्या बायकोला, एडन असं नावही आहे. शास्त्रात ते कुठेच नाही. तरी मला ती लेक आवडली. माझ्या कपाळावरची ओली घडी बदलत आईने विचारलं, "काय देखी राह्यनी वं?"

आईच्या पिढीचा येशू म्हणजे 'दयासागर'मधला विजयचंदर. १९७८च्या 'करुणामयुडू' या तेलुगू चित्रपटाचा तो हिंदी अवतार प्रोजेक्टरवरून गावोगाव पोचला. माझ्या प्रार्थनेत आता डोळे मिटले की 'द चोझन'मधला येशू, जोनाथन रूमी, येतो. ते खटकतं. फादर स्टीफन्सनीही १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त येशूची कथा ओव्यांत रंगवलीच होती की! पण तिथे चेहरा ज्याचा त्याने कल्पायचा. हा नटाचा चेहरा पुसायचा कसा? की राहू द्यावा?

बघू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त मार्काचा पहिला अध्याय आधी वाचा, एपिसोड नंतर लावा.