समुद्रफुलाला लागणारा उजेड

बडोद्याच्या मराठी माणसाचा समुद्राशी संबंध तो कितीसा? कमाटीबागेतील संग्रहालयात, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा लहानपणी पाहायचा. सुटीत मुंबईच्या मावशीकडे गेलो की तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावायचे. आणि परत येऊन विश्वामित्रीच्या पुलावरून मगरी मोजायच्या. असे असता दांडिया बाजारातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीत दोन फूट लांबीच्या काचपेटीत खारे पाणी आहे आणि त्यात एक जिवंत समुद्रफूल आहे, हे ऐकले की पाहुणे आधी आमच्याकडे आणि मग सौ.कडे पाहतात. शेजारची मुलगी तर अजूनही विचारते, “काका, आ फूल साचुं छे?”

फूल ते नव्हेच. तो प्राणी आहे. प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातलग. तोंडाभोवती दंशपेशींनी भरलेले बोटांसारखे संस्पर्शक, खाली खडकाला चिकटणारे चकतीसारखे पाऊल, आणि ते पाऊल घसटत हवे तिकडे जाण्याची मुभा. आमच्याकडे आहे त्या जातीच्या संस्पर्शकांच्या टोकांना बुडबुड्यासारखे फुगवटे येतात. ही जात मधूनच स्वतःचे दोन तुकडे करते व त्या दोन्हींचे दोन पूर्ण प्राणी होतात. असाच एक अर्धा भाग आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या पत्नीने काही वर्षांपूर्वी कोणा शौकिनाकडून आणून वाढवला होता. वहिनी गेल्या. स्नेह्यांना त्या पेटीची आवड कधीच नव्हती; तरी दर रविवारी बादलीभर पाणी बदलायचे, हे वहिनींनी लावून दिलेले काम ते दोन वर्षे बिनचूक करीत राहिले. वरच्या नळ्या बदलायच्या असतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे मुलाकडे बंगळूरला कायमचे जाण्याचे ठरले, तेव्हा ते पेटी आमच्याकडे ठेवायला आले. समुद्रफूल धुतलेल्या कापसासारखे पांढरे पडले होते. “वाचले तर पाहा,” ते म्हणाले, “नाही वाचले तर मला कळवू नका.”

येथून आमचा दिव्याचा अभ्यास सुरू झाला.

या प्राण्याच्या अंगात अतिसूक्ष्म सहजीवी शैवले राहतात. उजेड मिळाला की ती साखर तयार करतात व त्यातील मोठा वाटा घरमालकाला देतात. कोळंबीचा तुकडा हे केवळ वरचे खाणे. तपकिरी रंग या शैवलांचाच. ती कमी झाली की प्राणी पांढरा दिसतो, आणि पांढरा म्हणजे उपाशी. सगळ्याच समुद्रफुलांचे असे नसते. एडिंबरोच्या सर जॉन डॅलयेल यांनी १८२८ साली समुद्रातून आणलेले, पुढे ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई या नावाने प्रसिद्ध झालेले एक समुद्रफूल बरणीत १८८७ पर्यंत जगले. डॅलयेल १८५१ मध्येच वारले होते. पण ती जात शैवलांवाचून जगणारी, म्हणून आजीबाईंना दिव्याची गरज नव्हती. आमच्या पाहुणीला ती होती. आजीबाईंचे वय वाचल्यावर सौ. एवढेच म्हणाल्या, “अहो, मग हिचे आपल्यामागे कोण पाहणार?” या प्रश्नाला आमच्याकडे अद्याप उत्तर नाही.

दुकानदाराने एकच प्रश्न केला: “किती वॉटचा देऊ?” हा प्रश्न चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचा आकडा. खोक्यावर छापलेले ल्यूमेन म्हणजे तो माणसाच्या डोळ्याला किती उजळ वाटतो त्याचे माप, आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक जागा. समुद्रात मात्र तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर उतरतो. म्हणून खडकावरच्या शैवलांची भूक मुख्यतः निळ्याची, ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या पट्ट्यातली. दिवाणखान्यात झगझगीत वाटणारा पिवळसर दिवा त्यांना फारसा उपयोगाचा नाही. जुन्या नळ्यांचीही हीच गोम. वर्ष-दीड वर्षात त्यांचा प्रकाश उतरतो, रंग सरकतो, आणि आपल्या डोळ्याला ते समजतही नाही. स्नेह्यांच्या घरी रोज संध्याकाळी पेटी नेहमीसारखीच उजळ दिसत होती.

पूर्वेच्या खिडकीतले ऊन फुकट होते, पण त्यासोबत येणारी उष्णता फुकट नव्हती. ५४ लिटर पाणी ते केवढे! एप्रिलमध्ये ते तासाभरात तापायला लागते, आणि या जिवाला २५–२६ अंश मानवतात. पाणी तापले की प्राणी शैवलांना बाहेर टाकतो. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली ती याच कारणाने. मोठ्या पेट्यांवर पूर्वी मेटल हॅलाइड दिवे टांगीत. त्यांचा उजेड उत्तम, पण त्यांच्याखाली पापड भाजावेत इतकी धग. जिथे ४२ अंशांचा उन्हाळा पडतो त्या गावात तो विचार आम्ही त्याच दिवशी सोडला. बारीक टी-५ नळ्या चालल्या असत्या, पण त्या दरवर्षी बदलायच्या, आणि आमच्या वयात दरवर्षीची कामे वाढवू नयेत.

उरला एलईडी. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, तेव्हा त्याचा आमच्या घराशी कधी संबंध येईल असे वाटले नव्हते. निळा व पांढरा प्रकाश स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येईल असा, ४० वॉटचा दिवा आम्ही घेतला. त्याची उष्णता पाठीवरच्या पन्हळी धातूतून वर निघून जाते, पाण्यात उतरत नाही. किंमत सांगत नाही; ती सौ.ना ठाऊक आहे, तेवढे पुरे.

आता खरी नाजूक गोष्ट. उपाशी जिवाला भरपूर उजेड द्यावा असे कोणालाही वाटेल. पण शैवले मोजकीच उरली असता प्रखर प्रकाश पडला, तर त्यांना तो पेलत नाही. त्यातून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि उरलीसुरली शैवलेही जातात. लंघनानंतर पेज द्यावी तसे करावे लागते. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या भाच्याने आपला प्रकाशमापक आणून दिला. हे यंत्र डोळ्याचा विचार न करता, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला वनस्पतींच्या उपयोगाचा प्रकाश किती मायक्रोमोल पडतो ते सांगते. दुपारच्या निरभ्र उन्हात आकडा दोन हजारांच्या घरात जातो. आम्ही दिवा पाण्यापासून वीतभर वर टांगून खडकावर ५० पासून सुरुवात केली, दिवसाला सहा तास. दर आठवड्याला थोडे थोडे वाढवीत चौथ्या महिन्यात १५० आणि नऊ तासांवर आलो. दर दोन-तीन दिवसांनी हरभऱ्याएवढा कोळंबीचा तुकडा. शाकाहारी सोपानात कोळंबी आणण्याची कथा वेगळी. ती येथे नको.

प्राणी बोलत नाही, पण सांगतो. देठ लांबवून वर ताणला तर उजेड कमी. खडकाच्या फटीत जाऊन बसला तर बहुधा जास्त. दुसऱ्या महिन्यात एका रात्री तो खडक सोडून पंपाच्या तोंडाकडे निघाला. तिथे ओढला गेला असता तर त्याच्या चिंध्या झाल्या असत्या आणि एवढ्याशा पेटीतले सगळे पाणी नासले असते. सौ. दोन रात्री आरामखुर्ची घेऊन पेटीसमोर बसल्या. आम्ही पंपाला स्पंजचे टोपण बसवले. तिसऱ्या दिवशी तो आपणहून परतला व दिव्याच्या बरोबर खाली नव्हे, तर चार बोटे डावीकडे बसला. यंत्र तेथे १३० दाखवते. आम्ही १५० म्हणत होतो, त्याचे म्हणणे १३० पडले.

पाचव्या महिन्यात देठाशी फिकट तपकिरी छटा दिसली. आधी आम्ही तो दिव्याचा भास मानला. चष्मा बदलून पाहिले. सातव्या महिन्यात शंकाच उरली नाही, तेव्हा बंगळूरला फोन केला. स्नेही बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “कोणता दिवा लावलात?” आणि सांगितलेले सगळे आकडे, त्यांना त्यांचा काही उपयोग नसता, लिहून घेतले.

आता मे महिन्याची चिंता आहे. पंखा लावला की पाणी दोनतीन अंश उतरते, पण ते उडून खारटपणा वाढतो. रोज लोटाभर शुद्ध पाणी घालावे लागते. भर दुपारी दिवाही नको, म्हणून उन्हाळ्यापुरती त्याची वेळ रात्री नऊ ते पहाटे सहा अशी करायचे ठरवले आहे. शैवलांना आपल्या घड्याळाशी कर्तव्य नाही. त्याच महिन्यात स्नेही एका लग्नासाठी आठ दिवस आमच्याकडे राहायला येत आहेत. घरात पाहुण्यांची खोली ती एकच. त्यांचे अंथरूण बैठकीत घालावे असे आम्ही म्हणतो, सौ. म्हणतात, त्यांनाच विचारा.