थंड पाण्याची दाढी

मराठी भाषेने दाढीच्या पाण्याविषयी एकच गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि ती म्हणजे पाणी असावे. एखाद्याची खरडपट्टी काढायची असली म्हणजे आपण त्याची ‘बिनपाण्याने’ करतो. कोरड्या गालावरून वस्तरा फिरण्याच्या यातना ज्याने प्रथम सोसल्या, त्याच्याच मुखातून हा वाक्प्रचार बाहेर पडला असला पाहिजे. परंतु ते पाणी थंड असावे की गरम, याविषयी भाषा मौन धरून बसली आहे. भाषा जेथे मौन धरते तेथे माणसांच्या मतभेदांना जागा सापडते; आणि मतभेदाला जागा सापडली की तेथे एखाद्या प्राध्यापकाने जाऊन बसावे, हे ओघानेच आले.

मी थंड पाण्याच्या पक्षाचा. गेली तीस-बत्तीस वर्षे मी थंड पाण्याने दाढी करीत आलो आहे. घरात गीझर नाही म्हणून नव्हे. तो आहे आणि उत्तम चालतो. पण पुण्यातल्या डिसेंबरात, गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर गारठून नळातून उतरते तेव्हादेखील मी त्याच नळाखाली ओंजळ धरतो. पाहुणा म्हणून कोणाकडे उतरलो की घरातील माउली मोठ्या अगत्याने गरम पाण्याचा तांब्या पाठवते. तो तांब्या मी तितक्याच अगत्याने परत पाठवतो, आणि त्याबरोबर चार शब्द आपल्या पद्धतीविषयी सांगायलाही चुकत नाही. त्या चार शब्दांची चाळीस वाक्ये होतात, अशी माझ्या पत्नीची तक्रार आहे.

थंड पाण्याचा आनंद ज्याने घेतला नाही त्याला तो समजावून सांगणे कठीण आहे. पहिली ओंजळ तोंडावर मारली की क्षणभर श्वास अडतो आणि आपण हे का आरंभले असा प्रश्न पडतो. दुसऱ्या ओंजळीला गालाची तक्रार निम्म्यावर येते. तिसऱ्या ओंजळीनंतर मात्र तोच गाल तरतरीत होऊन पुढच्या प्रसंगाला सिद्ध होतो. साबणाचा फेस सावकाश येतो. पण एकदा आला की तो दाट बसतो आणि लवकर वाळत नाही. पाते फिरवताना हात आपोआप जपून चालतो. गरम पाण्याने माणूस सुखावतो आणि सुखावलेला हात बेसावध होतो, असा माझा सिद्धांत होता. ‘होता’ हे क्रियापद मी जाणून वापरीत आहे.

आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत या विषयावर अनेक मधल्या सुट्ट्या खर्ची पडल्या आहेत. एकदा रसायनशास्त्राचे एक सहकारी माझे व्याख्यान शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “तुमचा वाद तपमानाचा नाहीच, वेळेचा आहे.” मग त्यांनी सांगितले ते असे: केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पाणी आत शिरले की त्या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडणारे काही बंध सैल होतात, केस फुगतो, मऊ पडतो आणि तो कापायला पुष्कळच कमी जोर लागतो. या कामाला दोन-तीन मिनिटे लागतात. पाणी गरम असेल तर ते लवकर उरकते, थंड असेल तर थोडा धीर धरावा लागतो, इतकेच.

हे ऐकताच मला माझ्या आजोबांची दाढी आठवली. दर आठवड्याला त्यांचे नेहमीचे कारागीर ओसरीवर येत, धोपटी उघडीत आणि पितळेच्या वाटीत हौदातले पाणी घेऊन आजोबांचे गाल बोटांनी चोळू लागत. साबण नाही, ब्रश नाही, गरम पाण्याचे नाव नाही. मात्र चोळता चोळता गावात कोणाचे लग्न ठरले, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या भावांत वाटणीवरून बिनसले, हे सारे सांगून होई. बातम्या संपत तेव्हा केस मऊ झालेले असत. रसायनशास्त्राने जी दोन-तीन मिनिटे मागितली, ती त्या गृहस्थाने गप्पांतून भरून दिलेली होती.

दाढी स्वतःच्या हाताने करण्याची चाल सरसकट रूढ झाली ती अलीकडची. किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाने बदलत्या पात्याचे रेझर १९०३ साली विकावयास काढले, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. मग पहिले महायुद्ध आले. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा तर गाल तुळतुळीत हवा, म्हणून सैनिकाला रोज दाढी करणे भाग पडले. अमेरिकेच्या सरकारने आपल्या सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. खंदकात गरम पाण्याचा तांब्या घेऊन कोण उभे राहणार? मिळेल त्या पाण्याने त्या तरुणांनी दाढ्या उरकल्या. त्यांपैकी कोणी त्यावर सिद्धांत रचल्याचे माझ्या वाचनात नाही.

माझ्या सिद्धांताचे मूळ मात्र खंदकात नव्हते. ते साताऱ्यात, आमच्या घराच्या मागच्या पडवीत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर होते. घरात आजी, आई, आम्ही चार भावंडे आणि शिकायला राहिलेला एक आतेभाऊ, आणि या सर्वांना मिळून तांब्याचा एक बंब. अण्णा पहाटे पाचला उठत. बंबात लाकडाच्या ढलप्या आणि भुईमुगाची फोलपटे घालून तो स्वतः पेटवीत, आणि तो तापत असताना शेजारीच खुंटीला आरसा अडकवून, बादलीतल्या गार पाण्याने दाढी करीत. कासच्या तलावाचे ते पाणी जानेवारीत हाताला चावत असे.

त्यांचे पातेही असेच काटकसरीचे. ते बोथट झाले की काचेच्या पेल्यात आतल्या बाजूला बोटाने दाबून ते मागेपुढे घासीत आणि आणखी आठवडाभर चालवीत. मला तो जादूचा खेळ वाटे. केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसे होते, हे कोडे मात्र मला पुढे कित्येक वर्षे सुटले नाही. २०२० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ. तरी तो वाकून पात्याच्या कडेला एखाद्या कमकुवत जागी अडला की तेथे बारीकसा टवका उडतो. मऊ वस्तूनेही कठीण वस्तूचा टवका उडतो, पण तिने नेमकी जागा गाठली पाहिजे.

मी आठ वर्षांचा असेन. थंडीत कुडकुडत बंबाशी शेकत बसलो असता मी अण्णांना विचारले, “तुम्ही गार पाणी का घेता?” तोंडाला फेस लावलेल्या अण्णांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “गार पाण्यानं माणूस जागा होतो.” एवढेच. पण ते वाक्य माझ्या मनात असे रुतून बसले की मला स्वतःला मिसरूड फुटले तेव्हा कोणत्या पाण्याने दाढी करावी हा प्रश्नच उरला नव्हता. पुढे मी इंग्रजी वाङ्मय शिकलो, तितिक्षेचे धडे देणारे ग्रीक आणि रोमन तत्त्ववेत्ते भाषांतरांतून वाचले, आणि ते सर्व मला आमच्या पडवीत उभे असलेले दिसले.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. आम्ही त्यांना पुण्यास आणले. त्यांची दाढी करण्याचे काम मी आपण होऊन मागून घेतले. दुसऱ्याची दाढी करणे किती अवघड असते हे तेव्हा कळले. आपल्या गालावर हात जसा वळतो तसा तो दुसऱ्याच्या गालावर वळत नाही. म्हाताऱ्या कातडीच्या घड्या एका हाताने ताणून धराव्या लागतात. शिवाय वडिलांच्या गालाला हात लावण्याचा प्रसंग आमच्या पिढीतल्या मुलांना सहसा येत नसे. पहिल्या दिवशी माझी बोटे जी कापत होती ती काही पात्याच्या भीतीने नव्हेत.

दिवस जानेवारीचे होते. मी रोज स्टीलच्या वाटीत नळाचे थंडगार पाणी घेई आणि ते अण्णांच्या गालांना लावी. पाणी लागताच ते डोळे घट्ट मिटून घेत. जुनी सवय पुन्हा लाभल्याचे ते समाधान आहे, असे मी समजत असे. बारा दिवस मी हे केले. त्या बारा दिवसांत मला आपल्या पुत्रधर्माविषयी जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नसेल.

तेराव्या दिवशी माझी धाकटी बहीण भेटीस आली. तिने वाटीत बोट बुडवले आणि म्हणाली, “दादा, अरे या थंडीत हे पाणी?” मी तिला पद्धत समजावून सांगू लागलो, तोवर ती स्वयंपाकघरात गेलीही होती. गरम पाण्यात भिजवून पिळलेला पंचा तिने अण्णांच्या गालांवर ठेवला. अण्णांनी डोळे मिटले, पण या वेळी ते हळूच मिटले. मग ते म्हणाले, “किती बरं वाटलं गं.”

मी वाटी हातात घेऊन तसाच उभा. “अण्णा, तुम्हाला तर गारच पाणी आवडायचं ना?”

“आवडायचं कसलं?” शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते. “बंब तापेपर्यंत थांबलो असतो तर सातची शाळा गाठली नसती. आणि पहिलं कढत पाणी आजीला लागायचं. मग तुम्ही पोरं.”

“मग इतके दिवस मला का नाही बोललात?”

अण्णा थोडे हसले. अर्धांगाने त्यांचे हसू एकाच बाजूला उमटत असे. “तू एवढ्या हौसेनं आणत होतास. म्हटलं, असू दे.”

आठ वर्षांच्या पोराला काहीतरी उत्तर द्यायला हवे म्हणून घाईत दिलेले एक वाक्य. त्यावर मी तीस वर्षांचा सिद्धांत उभा केला, आणि अखेर तो त्यांच्याच गालांवर लादला. बंबातल्या पाण्याचा नियम आमच्या घरात सर्वांना ठाऊक होता. वरून जितके गार पाणी ओतावे तितकेच गरम पाणी तोटीतून निघते, आणि प्रत्येक बादलीबरोबर ते थोडे निवते. आठ माणसांच्या घरात कोणीतरी एकाने गार पाण्यावर भागवले तरच शेवटच्याला ऊन पाणी मिळते. हे गणित मास्तरांनी कधी फळ्यावर मांडले नाही, आणि मला ते पन्नाशी उलटेपर्यंत सुटले नाही. बटण दाबताच गीझर तापतो अशा घरातील माणसाने घेतलेले थंड पाणी आणि इतरांसाठी बंब पेटवणाऱ्या माणसाने घेतलेले थंड पाणी, यांना एकच नाव असले तरी ती एक वस्तू नव्हे. पहिल्याला मी व्रत म्हणत होतो; दुसऱ्याला अण्णांनी काही नावच दिले नव्हते.

अण्णा त्यानंतर दहा महिने होते. त्या दहा महिन्यांत त्यांची दाढी गरम पाण्यानेच झाली.

वाचक विचारतील, आता तुम्ही कोणते पाणी घेता? खरे सांगायचे तर थंड पाणी मला मनापासून आवडते. तीस वर्षांची सवय एका सकाळी जात नाही, आणि सिद्धांत मोडला म्हणून पहिल्या ओंजळीची मौज काही कमी होत नाही. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आहे. बहिणीने पंचा भिजवला तेव्हा माझा मुलगा दारात उभा होता. तो फार बोलत नाही. अण्णा गेल्यानंतरच्या हिवाळ्यापासून तो सकाळी स्नान करून निघताना माझ्यासाठी एक मग गरम पाणी भरून आरशाखाली ठेवतो. “बाबा, पाणी ठेवलंय,” एवढे म्हणतो आणि जातो.

मला थंडच आवडते, हे त्याला सांगावे असे एक-दोनदा ओठांवर आले होते. मग मी त्या मगात बोटे बुडवली, आणि म्हटले, असू दे.