ग्रीनव्हिलची लुईझ, भोपाळची आबिदा

वहीत १९४९ सालचा जून महिना शेजारी शेजारी लिहून ठेवला आहे. १ जूनला भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. १९ जूनला अमेरिकेत शार्लट गावच्या मातीच्या ट्रॅकवर ‘नॅस्कार’ने बाजारात मिळणाऱ्या साध्या गाड्यांची आपली पहिली शर्यत भरवली. तिच्यात सारा ख्रिश्चन नावाची एक बाई नवऱ्याच्या मालकीची फोर्ड घेऊन उतरली. त्याच वर्षी भोपाळच्या नवाबांची थोरली मुलगी आबिदा सुलतान महिलांमध्ये स्क्वॉशची अखिल भारतीय विजेती ठरली. सारा आणि आबिदा एकमेकींना ओळखत नव्हत्या, ओळखण्याचं कारणही नव्हतं. मला मात्र आता एकीबद्दल वाचताना दुसरी आठवते.

•

साराच्या बरोबरीची लुईझ स्मिथ मला जास्त जवळची वाटते. जन्म १९१६ चा, मुक्काम दक्षिण कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल. नवऱ्याचा मोडक्या गाड्यांचा व्यवसाय. गावच्या रस्त्यांवर पोलिसांना मागे टाकणारी बाई अशी तिची ख्याती होती. १९४६ मध्ये शर्यती भरवणाऱ्या बिल फ्रान्स यांना ग्रीनव्हिलच्या शर्यतीला गर्दी हवी होती. बाई गाडी चालवणार म्हटलं तर लोक येतील, हा त्यांचा हिशेब. गावकऱ्यांनी लुईझचं नाव सांगितलं. तोवर तिने एकही शर्यत पाहिली नव्हती.

१९३९ च्या फोर्ड कूपमध्ये बसवून तिला एवढंच सांगितलं, की लाल निशाण दिसलं की थांबायचं. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं निशाण दाखवलं की शर्यत संपते, हे सांगायचं सगळे विसरले. ती तिसरी आली. बाकीचे थांबले तरी ही एकटी फेऱ्या मारतच होती. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि लाल निशाण फडकवलं गेलं.

•

आबिदाचा जन्म २८ ऑगस्ट १९१३ चा. वडील हमीदुल्ला खान, पण तिला वाढवलं आजीने, सुलतान जहाँ बेगमांनी. १९०१ ते १९२६ भोपाळची गादी त्यांच्याकडे होती. कुराणाच्या पाठांतराला सूट नाही, शिस्त कडक, आणि तितक्याच काटेकोरपणे घोडा आणि बंदूक. नात १९२८ मध्ये गादीची वारस म्हणून जाहीर झाली. मोटार, पोलो, हॉकी, विमान हे पुढे तिने आपलं आपण जोडून घेतलं.

हे घराण्याला नवं नव्हतं. पणजीची आई सिकंदर बेगम पडदा पाळत नसत, घोड्यावर बसून राज्य पाहत. आपल्या मराठी मनात भोपाळ दोनदा उजळतं. बाजीरावाने १७३७ मध्ये निजामाला इथे कोंडलं तेव्हा, आणि १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या त्या रात्री. मधली १८१९ ते १९२६ ही बेगमांची शंभराहून अधिक वर्षं आपण सहज ओलांडून जातो. मला ते फार खटकतं. चार बायकांनी राज्य चालवलेलं गाव हिंदुस्थानात दुसरं कुठे आहे?

•

कुरवाईचा रस्ता.

आबिदाचं लग्न कुरवाईच्या नवाबांशी लहानपणीच लागलं होतं. सासरी गेली, १९३४ मध्ये मुलगा झाला, संसार मोडला. मग मुलाचा ताबा नवाब मागू लागले. १९३५ च्या मार्चमध्ये एका रात्री तिने भोपाळहून गाडी काढली.

आज हा रस्ता सलामतपूर, सांची, विदिशा, गंज बासोदा असा जातो, बेतवेच्या काठी कुरवाईला पोचतो. शंभर किलोमीटरच्या वर. तेव्हाची सडक, तेव्हाचे दिवे, आणि स्टिअरिंगवर बावीस वर्षं पुरी न झालेली मुलगी. तीन तासांनी ती नवऱ्याच्या शयनगृहात होती. भरलेलं रिव्हॉल्व्हर तिने त्याच्या मांडीवर टाकलं: हे माझं आहे, तू मला मार, नाहीतर मी तुला मारते. मुलगा तिच्याकडेच राहिला.

ही गोष्ट सांगणारे सगळे रिव्हॉल्व्हरवर थांबतात. मला ते आधीचे तीन तास हवे आहेत. खेडी झोपलेली, कुठे बैलगाडी आडवी येणार, कुठे नाल्यातून उतरायचं, आणि आपण काय करायला निघालोय हे डोक्यात चालू असताना हात मात्र सैल ठेवायचे. गाडी चालवण्याची खरी परीक्षा हीच. बरोबर कुणी घड्याळ लावून बसलेलं नव्हतं.

•

आबिदाच्या नावावर ७३ वाघांची शिकार सांगतात. हा आकडा भोपाळात कुणालाही विचारा, पाठ असतो. मला त्या आकड्याने आनंद होत नाही. वाघ मोजले गेले, मैल मोजले गेले नाहीत.

•

लुईझचे मात्र मोजले गेले. १९५६ पर्यंत निरनिराळ्या प्रकारच्या शर्यतींत मिळून ३८ विजय तिच्या नावावर धरतात. हिलझबरोच्या ऑकोनीची ट्रॅकवर गाडी अशी चेपली, की पत्रा गॅसकटरने कापून तिला बाहेर काढायला ३६ मिनिटं लागली. ४८ टाके, डाव्या गुडघ्यात चार पिना. पुन्हा गाडीत बसली.

एकदा नवऱ्याची नवीकोरी फोर्ड घेऊन डेटोनाला ‘नुसती शर्यत बघायला’ गेली, राहवलं नाही, उतरली, आणि गाडी भंगारात काढायच्या लायकीची करून ठेवली. घरी येऊन सांगितलं, वाटेत बंद पडली. नवऱ्याने वर्तमानपत्रातला फोटो पुढे केला.

त्याच डेटोनाच्या वाळूत १९४९ च्या जुलैमध्ये सारा, लुईझ आणि एथेल मोब्ली अशा तिघी एका शर्यतीत होत्या. एथेल अकरावी आली आणि शर्यतीत असलेल्या तिघा भावांपैकी दोघांना मागे टाकून आली.

•

दुसऱ्या महायुद्धाने जगभर धावपट्ट्या मागे ठेवल्या. फ्लोरिडातलं सेब्रिंग हा लष्करी विमानतळ होता, तिथे १९५० पासून मोटारी पळू लागल्या. मद्रासजवळ शोलावरमची युद्धकाळातली धावपट्टी आपल्याकडच्या शर्यतींची पंढरी झाली, आणि मुंबईत जुहूच्या विमानतळावरही गाड्या पळाल्या. शतकाच्या मध्यावरचा मोटार शर्यतीचा खेळाडू हा असा विमानांच्या उरलेल्या डांबरावर वाढला.

आबिदा उलट वाटेने गेली, रस्त्यावरून धावपट्टीवर. मुंबई आणि कलकत्त्याच्या फ्लाइंग क्लबांत शिकून २५ जानेवारी १९४२ ला तिने वैमानिकाचा परवाना मिळवला. ती विशीत असताना देशात कुठे ट्रॅक असता, तर ती तिथे गेली असती याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

•

डेनिस मॅक्‌क्लगेज, जन्म १९२७. पत्रकार आणि रेसर दोन्ही. १९६१ मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फेरारीतून आपला गट जिंकला, १९६३ मध्ये मॉन्टे कार्लो रॅलीतही एक गट जिंकला. आणि इंडियानापोलिसला पत्रकारांच्या कक्षात किंवा गॅरेजमध्ये बाईला पाय ठेवायला असलेली बंदी १९७१ पर्यंत टिकून होती. म्हणजे फेरारी चालवू शकणारी बाई तिथे कुंपणाबाहेरून बातमी लिहिणार. हे वाचून संताप येतो, तो इथे तसाच लिहून ठेवते.

•

१९५० मध्ये आबिदा वारसाहक्कावर पाणी सोडून पाकिस्तानात गेली. कराचीजवळच्या मलीरमध्ये राहिली. ब्राझीलमध्ये राजदूत झाली. १९६४ मध्ये लष्करशहा अयूब खान यांच्याविरुद्ध फातिमा जिना उभ्या राहिल्या, तेव्हा तिने फातिमांची बाजू घेतली. इकडे १९६० मध्ये वडील गेले आणि वारसा धाकट्या बहिणीकडे, साजिदाकडे गेला.

साजिदाचा मुलगा म्हणजे मन्सूर अली खान पतौडी, जन्म भोपाळचाच. १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात एक डोळा गेला आणि तरीही तो भारताचा कर्णधार झाला. आबिदाचा मुलगा शहरयार खान पुढे पाकिस्तान क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. हे दोघे मावसभाऊ. दोन देशांचं क्रिकेट एका आजोबांच्या अंगणाशी येऊन मिळतं, आणि ते आजोबा हमीदुल्ला खान स्वतः भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. खेळाच्या इतिहासात या घरातले पुरुष सगळे सापडतात.

•

व्हीआयपी रोडवरून जाताना टेकडीवर नूर-उस-सबाह दिसतो. हमीदुल्लांनी तो १९२० च्या दशकात आबिदासाठी बांधला. आता हॉटेल आहे. खालून स्कूटरवरच्या मुली ओढणीने तोंड बांधून, तलावाचा वारा कापत जातात. भोपाळच्या मुली गाडी चांगली चालवतात, हे माझं जुनं मत आहे.

•

लुईझने १९५६ मध्ये शर्यती सोडल्या. १९९९ मध्ये टॅलाडेगाच्या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. तिथे गेलेली ती पहिली स्त्री. २००६ मध्ये ती वारली.

आबिदा ११ मे २००२ ला गेली. आत्मचरित्र दोन वर्षांनी छापून आलं. आमच्या भोपाळच्या टी. टी. नगर स्टेडियममध्ये राज्याच्या मुली रोज सराव करतात. तिथल्या एका भिंतीवर १९४९ ची स्क्वॉश विजेती आणि १९४२ ची वैमानिक म्हणून तिचं नाव लागावं, अशी मागणी क्रीडा खात्याकडे लेखी करायची आहे. राजकन्या हा शब्द अर्जात घालणार नाही.