एक तारीख स्वतःची

मैत्रिणींनो, दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, गॅसचा नंबर कधी लावला, हे सगळं आपल्या कॅलेंडरवर असतं की नाही? आमच्याकडे त्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या अन् ह्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीखही असते. नव्हती ती फक्त माझ्या मधुमेहाची.

गोळ्या मी नेमाने घेत होते. पण तपासणी? आधी लेकीचं बाळंतपण, मग दिवाळी, मग पाहुणे. दीड वर्ष दवाखान्याची पायरी चढले नाही. काही दुखत नव्हतं, म्हणून चाललं.

एके दिवशी दवाखान्यातून सिस्टरचा फोन! "काकू, तुमची एचबीएवनसी राहिलीय. डोळे तर एकदाही तपासलेले नाहीत." मी चाटच पडले. एवढ्या गर्दीत माझी आठवण कुणाला?

आठवण कॉम्प्युटरला होती. डॉक्टरांनी आपल्या सगळ्या मधुमेही पेशंटांची नोंद त्यात केली आहे. प्रत्येकाच्या नावापुढे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीएवनसी, रक्तदाब, लघवीतली प्रथिने, डोळे, पाय, सगळ्यांच्या तारखा. जुना केसपेपर पेशंट आला तरच कपाटाबाहेर निघायचा. ही यादी मात्र न आलेल्यांची नावं काढून देते! डॉक्टर म्हणाले, स्वीडनमध्ये १९९६ पासून देशपातळीवर अशी नोंद ठेवतात. आपला दवाखाना इतरांच्या मानाने कुठे कमी पडतो, तेही तिथे कळतं.

मी गेले. एचबीएवनसी ९.२ निघाली. डोळ्यांत थेंब घालून तपासलं, तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. "नजर कमी व्हायची वाट पाहिली असतीत, तर फार उशीर झाला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझे हातपायच गार पडले.

घरी हे म्हणाले, "अगं, कधी बोलली नाहीस!" खरंच होतं. आपण बोलत नाही, आणि हा आजारही बोलत नाही.

पण बरं का, यादी फक्त हाक मारते, जायचं आपल्यालाच. फोन नंबर बदलला तर दवाखान्यात कळवा. बाहेर केलेल्या तपासण्यांचे कागद दाखवून नोंदवून घ्या. नोंद अर्धी, तर उपयोगही अर्धाच.

आणि तुमच्या दवाखान्यात अशी सोय नसेल, तर कॅलेंडर आहेच. दुधाच्या खाड्यांशेजारी एक तारीख स्वतःच्या नावाची लिहा. मी लिहिलीय, लाल शाईनं!