मावशींचा चेहरा कुठे गेला?

सुरुवातीलाच कबूल करते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे आपल्या मेसच्या आमटीसारखं... पाणी जास्त! एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात अजूनही गोंधळ होतो. तेव्हा चूकभूल द्यावी-घ्यावी.

गेल्या गॅदरिंगला आमच्या फिल्म क्लबने मेसच्या मावशींवर बारा मिनिटांची फिल्म केली. मावशी त्या वर्षी रिटायर होणार होत्या. पहाटे पाचला किचनमध्ये एका पिवळ्या बल्बखाली त्या पोळ्या लाटतायत, हा माझा सगळ्यात लाडका शॉट. एडिटिंग माझ्याकडेच होतं. रात्री रूममेट झोपली की लाइट बंद, मी कॉटवर आणि लॅपटॉप मांडीवर.

गॅदरिंगला मावशी नातवाला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. किचनचा शॉट आला आणि पडद्यावर नुसता अंधार! लाटणं हलतंय, हात दिसतायत, चेहरा मात्र गायब. नातवाने मोठ्याने विचारलं, "आजी, तू कुठंयस?" अख्खा हॉल हसला. मावशीसुद्धा हसल्या, पण नंतर त्यांनी हळूच पदराने चष्मा पुसला आणि परत पडद्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नाहीये.

आधी मी प्रोजेक्टरला शिव्या घातल्या (इंग्लिशमध्ये, त्यात मी पक्की आहे). दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरमधला वेव्हफॉर्म उघडला. हा आलेख चित्रातल्या प्रत्येक भागाचा उजेड आकड्यात दाखवतो. शंभरपैकी मावशींचा चेहरा जेमतेम दहावर! मग लॅपटॉपवर तो मला दिसला कसा? माझ्या लॅपटॉपचा पॅनेल टीएन जातीचा. त्याच्याकडे जरा वरून पाहिलं की काळे भाग फिकट होऊन उजळ दिसतात. मांडीवरच्या लॅपटॉपकडे आपण वरूनच बघतो. त्यात खोलीत अंधार आणि ब्राइटनेस फुल्ल. म्हणजे चूक प्रोजेक्टरची नव्हती, माझीच होती.

यंदा कौन्सिलने क्लबला मॉनिटरसाठी वीस हजार मंजूर केले. मी लगेच स्वप्नं बघायला लागले. सोनीचा बीव्हीएम-एक्स३०० म्हणून ३० इंची ओएलईडी मॉनिटर आला होता, मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये त्याच्यावर सिनेमांचे रंग ठरायचे. किंमत लाखांत! क्लब विकला तरी नुसती वायर मिळाली असती. टीव्ही लॅबच्या सरांनी मला जमिनीवर आणलं. म्हणाले, "महाग की स्वस्त ते सोड. खरं सांगणारा घे. आणि दुकानातले दिवे मालवून बघ."

मग आम्ही तिघं लॅमिंग्टन रोडवर. पेन ड्राइव्हमध्ये तीन गोष्टी होत्या : कलर बार्स, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी आणि मावशींचा शॉट. दुकानदार गेमिंगचा वक्र मॉनिटर गळ्यात मारायला बघत होता, १६५ हर्ट्झ वगैरे. आमची फिल्म सेकंदाला २५ फ्रेमची, आम्हाला १६५ चं करायचंय काय? एका स्वस्त मॉनिटरवर राखाडी पट्टीला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या, तो बाद. दिवे घालवायला सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, मॉनिटर घ्यायचाय की एक्सरे काढायचाय?" शेवटी २४ इंची आयपीएस घेतला. कोनातून पाहिलं तरी त्याचे रंग फारसे पलटत नाहीत आणि रेक. ७०९ हे एचडी टीव्हीचं रंगमाप त्याच्यात जवळजवळ पूर्ण बसतं. दिसायला अगदी साधा, पण मावशींचा चेहरा त्याच्यावर जितका काळा होता तितकाच काळा दिसला. मला त्याचं हेच आवडलं!

रूमवर लावला तर काळा रंग राखेसारखा. पोटात गोळाच आला, वीस हजार पाण्यात! एक रात्र डोकं खाल्ल्यावर कळलं, ग्राफिक्स कार्ड काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरून पाठवत होतं आणि मॉनिटर ० ते २५५ ची वाट बघत होता. एक सेटिंग बदललं, संपलं. (ई अँड टीसीवाल्यांनो, हे आपल्या सिलॅबसमधलं आहे. मी तेव्हा ऑप्शनला टाकलं होतं.)

मग टेबलामागे एक मंद दिवा लावून सगळी फिल्म पुन्हा ग्रेड केली, वेव्हफॉर्मवर नजर ठेवून. चेहरा चाळीसच्या वर आणला. अंधारातून उचलल्यामुळे दाणे आले थोडे, येऊ देत.

मागच्या रविवारी मावशींना रूमवर बोलावलं. त्यांनी शॉट दोनदा बघितला, मग म्हणाल्या, "चांगली दिसतेय गं मी. पण साडी मोरपंखी होती, ही निळीच आलीय." मी समजावलं, तो बल्ब पिवळा होता, शिवाय मोरपंखीसारखे गडद हिरवट-निळे रंग ७०९ च्या त्रिकोणाबाहेर पडतात, कोणताही असा मॉनिटर ते पूर्ण दाखवू शकत नाही.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वीस हजार दिलेत ना? मग पुढच्या वेळी साडी बघायला मला आधी बोलवा."