मोटर सगळ्यात शेवटी घे

चि. ओंकार,


जुनी मारुती ८०० विजेवर आणायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण तुझा पहिलाच प्रश्न, ‘आत्या, स्वस्त मोटर कुठं मिळेल?’ बाळा, मोटर सगळ्यात शेवटी घे. आधी रोजची धाव ठरव, मग बॅटरी. जास्त पैसे तिथंच जातात.

तुझी जा-ये ४० किलोमीटरची. एवढ्या हलक्या गाडीला किलोमीटरमागे अंदाजे १०० वॅट-तास धर. म्हणजे रोज ४ युनिट. ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचे २४ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये जोडलेस की सुमारे ७७ व्होल्ट (बाजारात हिलाच ७२ व्होल्टची बॅटरी म्हणतात) आणि ७.७ युनिट मिळतात. त्यातले ८० टक्केच वापरलेस तरी ६० किलोमीटर निघतील. सेलचं वजन ५० किलोच्या आसपास.

दुकानदार लेड-ॲसिड गळ्यात मारेल, कारण घेताना ती स्वस्त. पण निम्म्याच्या खाली उतरवत राहिलास तर ती लवकर बसते. म्हणजे ६ युनिट वापरायला १२ युनिटांची बॅटरी घ्यायची, आणि तिचं वजन ३०० किलोंच्या वर. गाडीच मुळात साडेसहाशे किलोची! शिवाय ती काहीशे चार्जिंगमध्ये संपते. चांगला एलएफपी सेल दोन हजार चार्जिंगच्या पुढे जातो. भाव किलोमीटरमागे काढ, नगामागे नको.

वापरलेले सेल मिळाले तर नुसतं व्होल्टेज बघून भुलू नको. थकलेला सेलही मीटरवर ३.३ व्होल्ट दाखवतो. लोड लावून त्याची क्षमता मोज.

आता मोटर. सपाट रस्त्यावर ताशी ५० ला ३ किलोवॅट पुरतात. ज्योतिबाच्या डोंगरावर जाताना मात्र, दहा मीटरला एक मीटर चढ धरला, तर ताशी ३० लाच साडेसात लागतील. ई-रिक्षाची मोटर तिथं हात टेकेल. सलग १० किलोवॅट देणारी, ७२ व्होल्टची घे. मूळ गिअरबॉक्स काढू नको. चढाला खालचा गिअर टाकता आला की यापेक्षा मोठी मोटर लागत नाही.

भंगारात फोर्कलिफ्टची सिरीज डीसी मोटर मिळाली तर जोर भरपूर, पण जड असते आणि ब्रश झिजतात. तिला लोडशिवाय पूर्ण व्होल्टेज कधीच देऊ नको. वेग आवरत नाही, आर्मेचर फुटतं. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातली ४१५ व्होल्टची इंडक्शन मोटर फुकट मिळाली तरी तशीच चालणार नाही. ७२ व्होल्टच्या बॅटरीतून एसी निघतो जेमतेम ५० व्होल्ट. वाइंडिंग नव्यानं भरावं लागेल.

आणि सेलची ऑर्डर देण्याआधी आरटीओत जाऊन ये. रस्त्यावर चालवायची तर एआयएस-१२३ प्रमाणे मंजूर झालेलं किट आणि आरसी बुकात नोंद लागते. ती नसेल तर गाडी आवारातच फिरवायची, विम्याचंही नाव काढायचं नाही.

पैसे कमी पडले तर सेलची क्षमता कमी कर, पल्ला ४५ किलोमीटरचा ठेव. बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट), डीसी फ्यूज आणि कॉन्टॅक्टर यांत मात्र एक रुपयाही वाचवू नकोस. १० किलोवॅटला ७२ व्होल्टवर जवळजवळ १४० अँपिअर वाहतात. तिथं सैल राहिलेला एक लग गाडी पेटवू शकतो.

हिशेबाचा कागद करून पाठव, तपासून देते.

तुझी,
आत्या